दह्याच्या जंतूंची गाठोडी

भिवंडीत राहणारा माणूस एकतर लूमवाला असतो, नाहीतर गोदामवाला, नाहीतर त्या दोघांच्या मालाची वाट बघत बसलेला टेम्पोवाला, अशी बाहेरच्यांची समजूत आहे. त्यामुळे लग्नकार्यात कुणी "आपण काय करत होता?" असं विचारलं की माझी पंचाईत होते. मायक्रोबायोलॉजिस्ट होतो म्हटलं तर समोरचा आपली शुगर सांगायला लागतो. दह्यातल्या जंतूंची गाठोडी सोडून बघायचो म्हटलं तर तो ताट घेऊन दुसरीकडे बसायला जातो. मला स्वतःला दुसरं उत्तर जास्त आवडतं, कारण ते खरं आहे.

आमची कंपनी विरजण बनवते. घरी आपण कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात घालतो आणि विसरून जातो. डेअरीला तसं करून चालत नाही. तिला रोज तेच दही लागतं, तितक्याच तासांत, तितकंच आंबट, मे महिन्यातही आणि श्रावणातही. म्हणून निवडक जंतू वाढवायचे, वाळवायचे आणि त्यांची पावडर पाकिटात भरून डेअऱ्यांना द्यायची, हा आमचा धंदा. ही सगळी पाकिटं ज्या एका मूळ बाटलीतून येतात तिला आमच्याकडे 'मदर' म्हणतात. मदर बिघडली की तिच्या पुढची सगळी पिलावळ बिघडते.

लॅब वडप्याला, हायवेलगतच्या एका गोदामाच्या पहिल्या मजल्यावर. खाली टायर, वर जंतू. खाली कंटेनर रिव्हर्स घ्यायला लागला की वर टेबलावरचं पाणी थरथरतं. परदेशातून मशीन बसवायला आलेल्या एका इंजिनिअरने मला विचारलं होतं की इथे भूकंप किती वेळा होतो. मी म्हटलं, दिवसातून साधारण चाळीस वेळा, जेवणाच्या सुट्टीत जरा कमी.

आता गाठोड्याचं सांगतो. जंतूचा मुख्य डीएनए म्हणजे त्याचं घरदार. जगायला लागणारं बहुतेक सगळं त्यात असतं. पण दह्याच्या जंतूकडे त्याशिवाय डीएनएची छोटी छोटी वेगळी कडी असतात, त्यांना प्लास्मिड म्हणतात. लांबच्या गावाहून लूमवर कामाला येणारा माणूस खांद्यावर गाठोडं घेऊन उतरतो, तसंच हे. गंमत अशी की दुधातली साखर फोडायची आणि दुधातली प्रथिनं पचवायची विद्या आमच्या जंतूच्या घरात नव्हती, गाठोड्यात होती. गाठोडं हरवलं तर जंतू मरत नाही. नुसता दुधात उपाशी राहतो, आणि दही वेळेवर लागत नाही.

ही कडी जंतूच्या पोटातून अखंड बाहेर काढणं हे माझं काम. ऐकायला मोठं वाटतं, करायला ते स्वयंपाकासारखं आहे. जंतू वाढवायचे, यंत्रात गरगर फिरवून नळीच्या तळाशी बसवायचे. मुगाच्या डाळीएवढा पांढरा गोळा मिळतो. या जंतूंची साल फार जाड, म्हणून अंड्याच्या पांढऱ्यातून काढलेलं एक औषध घालून ती आधी मऊ करायची. मग साबण आणि तिखट अल्कली. जंतू फुटतात आणि पाण्याला भेंडीसारखी तार सुटते. इथे नळी हलवायची नाही, फक्त उलटी-सुलटी करायची, तीही हळू. हात जोरात चालला की मोठी कडी तुटतात आणि पुढचं सगळं फुकट जातं. त्यानंतर गार आम्लाचं पाणी घातलं की नको तो सगळा गाळ फाटलेल्या दुधासारखा गोळा होतो. तो काढून टाकायचा. वरच्या नितळ पाण्यात अल्कोहोल घालून पुन्हा फिरवायचं. आता तळाशी प्लास्मिड असतात, पण डोळ्यांना दिसत नाहीत. नवशिके हटकून इथेच फसतात. तीन तासांची मेहनत, आणि नळीत काही नाही असं समजून सगळं बेसिनमध्ये.

जे उरतं ते चायना ग्राससारख्या जेलीच्या पातळ वडीत खाचा पाडून भरायचं आणि वीज सोडायची. छोटी कडी पुढे पळतात, मोठी मागे रेंगाळतात. विशिष्ट दिव्याखाली धरलं की नारिंगी पट्टे दिसतात. आमच्या मदरचे चार पट्टे होते. सगळ्यात वरचा, म्हणजे सगळ्यात मोठा, तो दुधाच्या विद्येचा. हे चार पट्टे मी इतक्या वेळा पाहिले आहेत की अजूनही रांगोळी काढायला बसवलं तर माझ्या हातून तेच निघतील.

नळी उलटी करण्याच्या कामात माझ्यापेक्षा चांगला हात हिराताईंचा. त्या जवळच्या शेलार गावच्या, आगरी, आठवी पास. बाटल्या धुवायला म्हणून लागल्या आणि दोन वर्षांत मदर सांभाळायला लागल्या. रोज थोडी मदर नव्या बाटलीत घालायची, म्हणजे ती जिवंत आणि ताजी राहते. हे काम दिसायला सोपं आहे, पण त्यात कंटाळा, घाई आणि शिंक यांना जागा नाही. एमएस्सी झालेली पोरं नळ्या खुळखुळ्यासारखी वाजवायची. हिराताई तांदळाची भाकरी तव्यावर टाकावी तशी नळी फिरवायच्या. मी एकदा त्यांना तसं म्हटलं तर म्हणाल्या, "सर, भाकरी फाटली तर घरातली खातांन. ही फाटली तर कोन खानार?"

आमच्या या विद्येचा बाहेरच्या जगाला उपयोग काय, असा प्रश्न आला की मी गफूरभाईंची गोष्ट सांगतो. गफूरभाई म्हणजे गावातले जुने दहीवाले. लग्नाच्या बिर्याणीबरोबरच्या रायत्याचं दही त्यांच्याकडूनच जायचं. एक दिवस ते दोन मडकी घेऊन लॅबमध्ये आले. एक स्वतःचं, एक भावाचं. वडील गेल्यावर भाऊ वेगळा झाला होता आणि त्याने समोरच दुकान टाकलं होतं.

"साहब, उसने अब्बा का जामन चुराया है," गफूरभाई म्हणाले. जामन म्हणजे विरजण. "सत्तर साल का जामन है, खानदानी. आप डीएनए निकालो. मैं थाने में लगाऊंगा."

मी सांगून पाहिलं की हे आमचं काम नाही. पण खरं म्हणजे मलाही उत्सुकता होती. दोन्ही मडक्यांतल्या जंतूंचे प्लास्मिड काढले आणि शेजारच्या तिसऱ्या खाचेत तुलनेसाठी आमची मदर भरली. दिवा लावला. पहिल्या खाचेत चार पट्टे, दुसऱ्या खाचेत तेच चार, आणि तिसऱ्या खाचेत, म्हणजे आमच्याच मदरचे, तेच चार. रेषेला रेष. खानदानी जामन आमच्या पाकिटातलं होतं.

मला वाटलं, आता हा माणूस माझा गळा धरणार. मी काढलेल्या फोटोवर गफूरभाईंनी तिन्ही खाचांतले पट्टे बोटाने मोजले. मग म्हणाले, "अब्बा हर महिने वडपे आते थे. घर में बोलते, दवा लाने जाता हूं." आणि असे हसले की खालचे हमाल वर बघायला आले. पुढे दोघेही भाऊ आमच्याकडून उघडपणे पाकिटं न्यायला लागले. एकमेकांशी मात्र बोलत नव्हते ते नव्हतेच.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ही मी लग्नकार्यात सांगत नाही.

दुधात वाढलेल्या जंतूंचे प्लास्मिड काढणं म्हणजे डोकेदुखी असते. दुधाची प्रथिनं चिकटतात, गाळ सुटत नाही, जेलीवर पट्ट्यांऐवजी डाग पडतात. दर आठवड्याला मदरची तपासणी करायची आणि दर आठवड्याला अर्धा दिवस दूध धुण्यात घालवायचा, याला मी वैतागलो होतो. म्हणून ठरवलं की मदर दुधाऐवजी ब्रॉथमध्ये ठेवायची. ब्रॉथ म्हणजे तयार अन्नाचं पिवळसर, नितळ पाणी. त्यात ग्लुकोज, म्हणजे फोडायची गरज नसलेली साखर. जंतू झपाट्याने वाढतात, स्वच्छ मिळतात, पट्टे आरशासारखे दिसतात.

हिराताईंना ते पटलं नाही. "सर, दुधात असली का मना दिसतं," त्या म्हणाल्या. "किती वाजता लागली, कशी लागली, पानी सुटलं का न्हाय. ह्या पान्यात काय दिसतंय? सकाली बघा, सगलं गढूल. जित्ता हाय येवढंच कलतं."

मी हसलो. म्हटलं, "बघायला मी आहे ना. माझं मशीन आहे."

त्यांनी मान हलवली आणि कामाला लागल्या. त्या कधी वाद घालत नसत.

याच विषयावर मी दोन परीक्षा पास झालो होतो, आणि दोन्हींमध्ये मी हे लिहिलं होतं की ज्या विद्येची गरज पडत नाही तिचं गाठोडं जंतू वाहत बसत नाही. ग्लुकोज आयतं मिळालं की दुधाची विद्या कशाला? दर पिढीत चार-दोन जंतूंकडून ते गाठोडं सुटतं. बिनओझ्याचे जंतू थोडे जास्त जोरात वाढतात, आणि हळूहळू तेच सगळे होतात. पेपरात याला चांगले मार्क मिळाले होते. पण माझं उत्तर तयार होतं: मी दर आठवड्याला पट्टे बघणारच आहे, वरचा पट्टा फिका झाला तर लगेच कळेल.

झालं असं की तपासणी सोपी झाली आणि म्हणूनच मागे पडली. अवघड काम माणूस दिवस ठरवून करतो, सोपं काम उद्यावर टाकतो. त्याच सुमारास कंपनीला कसलंसं सर्टिफिकेट घ्यायचं होतं, मी फायलींमध्ये बुडालो. आठवड्याचे महिने झाले. मदर रोज या बाटलीतून त्या बाटलीत जात होती, हिराताई रजिस्टरमध्ये वेळ आणि सही टाकत होत्या, आणि मी त्या सहीखाली न बघता माझी सही टाकत होतो.

मग एका शुक्रवारी सकाळी गफूरभाई रिक्षातून पातेलं घेऊन आले. झाकण उघडलं तर आत पांढरं पाणी. वास दुधाचाही नाही आणि दह्याचाही नाही.

"साहब, बारात आ गई, दही नहीं आया," ते म्हणाले. या वेळी ते हसत नव्हते. "लोगों ने बिर्याणी सूखी खाई. मेरे भाई का पुराने पैकेट से जम गया, उसने बाजार में सबको बोला."

त्याच दिवशी आणखी तीन डेअऱ्यांचे फोन आले. दुपारपर्यंत शेठ ठाण्याहून आले. शेठ म्हणजे आमचे मालक, वाईट माणूस नव्हे, पण वाईट बातमीला त्यांना ताबडतोब एक चेहरा लागायचा. "संध्याकाळपर्यंत मला कारण पाहिजे," ते म्हणाले. प्लास्मिड काढून पट्टे बघायला आणि खात्री करायला तीन दिवस लागतात. हे मी त्यांना सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "बघतो."

आणि बघायला लागलो तर मदरच्या फ्रीजमध्ये, खालच्या कप्प्यात, ब्रॉथच्या बाटल्यांच्या मागे एक स्टीलची डबी सापडली. झाकणाची, घरगुती, आणि आत घट्ट दही. त्या फ्रीजमध्ये खाण्याची वस्तू ठेवायची नाही हा आमच्या लॅबचा पहिला नियम, दारावर मोठ्या अक्षरांत लावलेला.

हिराताईंना बोलावलं. शेठ माझ्या शेजारी उभे होते, पॅकिंगची माणसं दारात जमली होती.

"हिराताई, ही डबी कुठली? घरची का लॅबची?"

"डबी घरची हाय, सर. पन आत—"

"घरची. ठीक आहे," मी म्हणालो.

शेठना तेवढं पुरलं. घरचं दही फ्रीजमध्ये ठेवलं, त्याचे भलते जंतू मदरमध्ये गेले, गिऱ्हाइकं बुडाली. अकरा माणसांसमोर ते म्हणाले, "अशा घाणेरड्या हाताने तुम्ही माझी मदर सांभाळत होता?" हिराताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचे कागद सारखे करत होतो. संध्याकाळी मी रिपोर्ट लिहिला: 'संवर्धन फ्रीजमध्ये कर्मचाऱ्याची घरगुती डबी आढळली. बाहेरील जंतूंच्या संसर्गाची शक्यता नाकारता येत नाही.' यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. खाली सही केली. हिराताईंची नोकरी त्याच संध्याकाळी गेली, नोकरीला अकरावं वर्ष चालू असताना.

डबी मी पुरावा म्हणून चिकटपट्टी लावून दुसऱ्या फ्रीजमध्ये ठेवली होती. सोमवारी तपासणीला बसलो. आधी निकाल, मग चौकशी, असा उलटा कारभार. आणि खरं सांगायचं तर ती तपासणी मी सत्य शोधायला केली नाही. माझी सही बरोबर होती हे मला बघायचं होतं. डबीतल्या दह्यात भलतेच पट्टे दिसतील, ते मदरमध्येही दिसतील, आणि मी शांत झोपेन, असा हिशेब होता.

डबीतलं दही धुऊन धुऊन जंतू काढले. एका नळीत डबी, एकीत मदर. नळ्या स्वतः फिरवल्या. जेलीवर चढवलं, वीज सोडली, वेळ झाल्यावर दिवा लावला.

डबीच्या खाचेत चार पट्टे होते. आमचे चार, रेषेला रेष. मदरच्या खाचेत तीन होते. वरचा, दुधाचा, नव्हता.

पहिला विचार आला की माझाच हात जोरात चालला असेल आणि मदरच्या नळीतलं मोठं कडं तुटलं असेल. म्हणून पुन्हा केलं. मंगळवारी तीन, बुधवारी तीन. हिराताईंच्या हाताने झालं असतं तर सोमवारीच विश्वास बसला असता. बुधवारी मी रजिस्टर काढून बसलो. मदर ब्रॉथमध्ये गेली त्या दिवसाच्या पानावर हिराताईंची सही होती, आणि शेजारी शेऱ्याच्या रकान्यात माझ्या अक्षरात 'सूचनेनुसार'. सूचना माझी.

डबीचा उलगडा व्हायला फार अक्कल लागली नाही. बाई दर दोन दिवसांनी चमचाभर जुनी, ब्रॉथच्या आधीची मदर उकळलेल्या दुधात लावून बघत होती, लागते का ते. लॅबच्या प्रत्येक बाटलीवर नंबर असतो आणि तिची नोंद होते, म्हणून घरून डबी आणली होती. ती कुकरमध्ये उकळून घेतली असणार, कारण दह्यात एकही परका जंतू नव्हता. मी हसलो होतो म्हणून मला सांगितलं नसणार. मी ग्लुकोजवर पोसून आळशी केलेल्या मदरची जुनी, कष्टाळू बहीण तिने फ्रीजच्या कोपऱ्यात जपून ठेवली होती.

यानंतर मी जे केलं त्याची मला जास्त लाज वाटते. मी आधी मदर वाचवली. डबीतून नवी मदर उभी केली, दुधात लावली, पट्टे बघितले, पाकिटं तयार झाली, डेअऱ्यांना गेली. गफूरभाईंचा फोन आला, "अब जम रहा है, साहब, पत्थर जैसा." शेठनी पेढे वाटले. मी एक पेढा खाल्लासुद्धा. या सगळ्याला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत मी शेलारला गेलो नाही. वडप्याहून शेलार काही काशी नव्हे.

शेठना मी बंद खोलीत सांगितलं. ते म्हणाले, "बाईला परत बोलवा. पण पत्र नीट लिहा. गिऱ्हाइकांपर्यंत काही जायला नको." मी नीट लिहिलं. सरकारी मराठी आपल्याला वेळेला बरी उपयोगी पडते. रविवारी स्कूटर काढली आणि पत्र घेऊन शेलारला गेलो.

हिराताई अंगणात तांदूळ निवडत होत्या. मला बघून उठल्या, खुर्ची दिली, पाणी दिलं. हालहवाल विचारली तेव्हा कळलं की मानकोलीला खाद्यपदार्थांच्या पॅकिंगमध्ये त्या गेल्या होत्या. तिथल्या सुपरवायझरने आमच्या ऑफिसात फोन करून चौकशी केली आणि नको म्हटलं. आता एका गोदामात खोक्यांवर लेबल चिकटवत होत्या. "खोक्यांना घान हात चालतात," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. लेबलाचा भाव सांगावा तसं सांगितलं.

मी पत्र पुढे केलं. त्यांनी बारावीतल्या मुलीला वाचायला दिलं. मुलीने शाळेतल्यासारखं खणखणीत वाचलं: "तांत्रिक कारणांमुळे मूळ संवर्धनात दोष निर्माण झाला होता. सदर कारण दूर झाल्याने आपल्या सेवा पूर्ववत सुरू करण्यात येत आहेत."

हिराताईंनी सुपातला एक खडा काढून टाकला. मग विचारलं, "सर, तांत्रिक म्हंजे कोन?"

आयुष्यात पुष्कळ ऑडिटर पाहिले. असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"मी," मी म्हणालो. "ब्रॉथमुळे झालं. तुम्ही सांगत होतात."

"डबीत मदरच होती."

"हो. तीच आता चालू आहे. सगळ्या डेअऱ्यांना तुमच्या डबीतली जाते."

मुलीने आईकडे पाहिलं. हिराताईंनी पत्र घेतलं, चार घड्या घातल्या आणि मला परत दिलं.

"ह्यो कागद मना काय कराचा, सर? मी काय केलं ते मना ठावं हाय. ज्यांच्या म्होरं मना काढलं त्यांना ठावं न्हाय. त्यांच्या म्होरं बोला. मंग येते."

मी परत आलो. दोन दिवस विचार केला, म्हणजे खरं तर टाळाटाळ केली. रिटायर व्हायला थोडीच वर्षं राहिली होती, आणि त्या लॅबमध्ये माझा शब्द हा शेवटचा शब्द होता. तो तसाच घेऊन घरी जावं अशी फार इच्छा होती. शेठना विचारलं तर ते म्हणाले, "तुमची मर्जी. मी अडवत नाही, पण मी बोलणार नाही." बुधवारी सकाळी शिफ्ट सुरू होण्याआधी मी सगळ्यांना दाराशी बोलावलं. हिराताईंना निरोप दिला होता. त्या आल्या होत्या आणि उंबऱ्याबाहेर चपला घालून उभ्या होत्या.

मी सांगितलं. मदर ब्रॉथमध्ये ठेवायची सूचना माझी होती. हिराताईंनी नको म्हटलं होतं. दर आठवड्याची तपासणी मी करायची होती, ती केली नाही. डबीत घरचं दही नव्हतं, आपलीच मदर होती, आणि ती त्यांनी सांभाळली नसती तर आज आपल्यापैकी कुणालाच काम नसतं. त्यांच्या हाताला घाण नव्हती. मी कागद न बघता बोललो. पॅकिंगची माणसं जमिनीकडे बघत होती. खाली कंटेनर मागे येत होता. शेठ मोबाइल बघत होते.

"झालं," मी म्हणालो. "या, हिराताई."

त्या हलल्या नाहीत.

"येक राह्यलं, सर."

"काय?"

"तुमी मना इचारलं डबी कुनाची. आत काय हाय ते इचारलं न्हाय. मी सांगाला लागली तवा तुमी मना थांबवलं. ते पन सांगा."

हे मी स्वतःलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. चुकीची सूचना, राहिलेली तपासणी, या चुका मी कबूल केल्या होत्या, आणि त्या कबूल करता येण्यासारख्या होत्या, शिकलेल्या माणसाच्या हातून होतात. ही तिसरी मी मनात कुठेतरी फाइलीखाली सरकवून ठेवली होती. डबी उघडल्याबरोबर त्या दह्याचा वास मला ओळखीचा वाटला होता. म्हणूनच मी आत काय आहे ते विचारलं नाही.

मी तेही सांगितलं, वासासकट. या वेळी शेठनी मोबाइल खाली केला.

हिराताईंनी चपला काढल्या, कडेला जोडून ठेवल्या, आणि हात धुवायला आत गेल्या.